हो याडी, करते

लालीबाईची सून शहरात जाऊन नेमकं काय शिकते, हे धरमसिंगच्या तांड्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. सगळ्यात कमी सांगता येत होतं ते लालीबाईला, म्हणून सगळ्यात जास्त तीच सांगायची. पाण्याच्या टाकीपाशी, पिठाच्या गिरणीत, बाभुळगावच्या बाजारात कांदे निवडता निवडता, जिथे कान दिसेल तिथे तिचं चालू. माही निशी कम्प्युटरले कामाले लावायचं शिकून राह्यली. कांदेवाल्याने विचारलं, म्हणजे काय करते? तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने वजनात एक कांदा जास्तीचा टाकला.

निशिगंधाने तिला समजावलं नव्हतं असं नाही. पोरगी पुसदची, बाप मास्तर, बी.एस्सी. झालेली. जायच्या आधी चुलीपुढे बसून तिने सासूला नीट सांगितलं होतं. जे काम माणसाला रोज रोज करावं लागतं ते एकदा यंत्राला लिहून द्यायचं. असं झालं तर असं कर, तसं झालं तर तसं कर, आणि संपेपर्यंत थांबू नको. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. मग माणूस झोपला तरी यंत्र काम करत राहतं. आणि ढीगभर माहिती पडून असली तर तिच्यातून काय दिसतं, तेही त्यातूनच काढता येतं. हे आलं की घरी बसून नागपूर-पुण्याच्या ऑफिसांची कामं करता येतात.

लालीबाईने भाकर उलटली आणि म्हणाली, "हे तं मी तुले लग्नापासून सांगून राह्यली. असं झालं तं असं कर, तसं झालं तं तसं कर, अन् संपेपर्यंत थांबू नको. मले नाही कोणी सर्टिफिकेट देल्लं."

"मी तुमचं ऐकलं असतं तर तुम्हाला पण मिळालं असतं, याडी," निशिगंधा म्हणाली.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. सून सासूला याडी म्हणते म्हणून ती गरीब असेल असं कोणी समजू नये. या पोरीच्या तोंडात उत्तर नेहमी तयार असायचं. लालीबाईला ते मुळीच आवडत नसे, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून ती दिवसातून दहा कुरापती काढायची.

तरी पाठवायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. ते ठरवलं हिरासिंगने. हिरासिंग तिचा दीर, मारेगावला असतो, सोसायटीत होता, आता रिटायर होऊन सगळ्यांच्या घरचं पाहतो. तो खास गाडी करून आला, पोटभर जेवला, मिशीवरून हात फिरवला आणि चार माणसांत बोलला की सून शहरात ठेवली की हातची जाते, भाभी, नका पाठवू. हिरासिंग नको म्हणतो म्हणजे गोष्ट चांगलीच असणार, एवढा अनुभव लालीबाईच्या गाठीशी होता. तिथल्या तिथे तिने निशिगंधाची पेटी खाली काढायला लावली.

पण हिरासिंगला गप्प करता करता तिच्या तोंडून एक जास्तीचं वाक्य निघून गेलं. ती म्हणाली, "माह्या सुनेले मी हाक मारली अन् लगेच ओ आली नाही, तं त्याच पेटीसकट मी तिले वापस आणीन. मंग शिकणं गेलं खड्ड्यात."

हिरासिंग म्हणाला, "पाहू."

हा 'पाहू' लालीबाईच्या दाढेत अडकला तो अडकलाच.

राजकुमार, तिचा मुलगा, एसटीत ड्रायव्हर. तो आधीच यवतमाळला खोली करून राहत होता, निशिगंधा तिथे गेली. तांड्यात उरली लालीबाई, शेळ्या आणि मोबाईल. दुसरी पास होऊन तिने शाळा सोडली होती. वाचायला येई, अक्षराला अक्षर लावून, पण लिहिणं म्हणजे बोटांना शिक्षा. म्हणून मोबाईलमधलं माइकचं चित्र तिला देवासारखं पावलं. बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. सकाळी पोट साफ झालं का, इथपासून सुरुवात. दुपारी जेवली का, अन् काय जेवली, अन् ते काहून जेवली. संध्याकाळी तांड्यात कोणाचं कोणाशी वाजलं, त्यात चूक कोणाची, आणि ती चूक निशिगंधाच्या माहेरच्या लोकांसारखी कशी आहे.

निशिगंधाच्या क्लासात मोबाईल दारातच एका खोक्यात टाकावे लागत. लालीबाईचे मेसेज खोक्यात पडून कुजायचे आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून एकच उत्तर यायचं. तिकडे मारेगावहून हिरासिंगचा फोन. भाभी, आली का ओ? त्याचा आवाज गुळात घोळलेला. लालीबाईने दोनदा खोटं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आधी तिने निशिगंधाला बजावलं, आता जर उशीर झाला तर मी येतो अन् पेटी उचलतो. पोरगी रडकुंडीला आली, म्हणाली, याडी, फोन बाहेर ठेवावाच लागतो. लालीबाई म्हणाली, मले कारणं नको, ओ पाह्यजे.

आणि होळीनंतर चमत्कार झाला. ओ येऊ लागली.

इकडे बोट उचललं की तिकडून टिंग. हो याडी, करते. हो याडी, तुमचं बरोबर आहे. जेवले याडी, तुम्ही जेवलात का? काळजी घेते याडी. लालीबाईने मुद्दाम भलत्या वेळी मेसेज करून पाहिला, शेळी व्यायली तेव्हा, लाइट गेली तेव्हा. तरी टिंग. एकदा तर तिने नुसती ढेकर पाठवली, तिलाही उत्तर आलं, हो याडी, तुमचं बरोबर आहे.

मग काय, तिचे पाय जमिनीला लागेनात. फाट्यावर कौसल्याबाईची चहाची टपरी आहे. कौसल्या शेजारच्या गावची, बौद्धवाड्यातली. तरुणपणी दोघी एकाच टोळीत शेतात निंदायला जायच्या. एका ओळीला कंबर वाकवून दोघींनी तेव्हापासून एकमेकींची जी उणीदुणी काढायला घेतली ती अजून संपली नाहीत. कौसल्याची सून ममता पुण्यात असते आणि सासूच्या मेसेजला चार दिवसांनी अंगठा दाखवते. लालीबाई टपरीवर बसायची, सगळ्यांसमोर मोबाईल तोंडाजवळ धरायची, निशी, मी कौसल्याच्या टपरीवर बसली वं, असं म्हणायची, आणि टिंग झालं की मोबाईल कौसल्याच्या नाकासमोर फिरवायची.

"सुनेले वळण लागते," ती म्हणायची. "लावणारी पाह्यजे."

कौसल्या पातेलं खरवडत म्हणायची, चहाचे पैसे देत जा, तेही वळणच असते.

घरी आल्यावर मात्र लालीबाईला कधी कधी कसंतरी वाटे. तिने निशिगंधाच्या आईच्या हातच्या वरणाला नाव ठेवलं, उत्तर आलं, हो याडी, तुमचं बरोबर आहे. तिने निशिगंधाच्या बापाच्या टकलाला नाव ठेवलं, तरी तेच. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो तिकडेच चिकटून बसावा, तसं. पण वळण लागलं की असंच होत असेल, असं म्हणून ती कड बदलून झोपायची.

चैत्रात तिची धाकटी बहीण झमकू येणार असल्याचा निरोप आला. झमकूला दिलं होतं पार तेलंगणात, आदिलाबादच्या पुढे. दोघी बहिणींची वर्षानुवर्षं गाठ नव्हती. लालीबाईने सगळ्या नात्याला फोन केले, झमकू येऊन राह्यली, भेटून जा. बाभुळगावचा पुतण्या देवीलाल म्हणाला, काकी, दुकान सोडून कसं येऊ. हिरासिंग म्हणाला, गुडघा. केळापूरची नणंद पुष्पा म्हणाली, पाहते, आणि तिच्या मागे टीव्ही हसत होता. लालीबाईने हे सगळं मनात नीट घडी घालून ठेवलं.

ज्या सकाळी झमकू आली, त्या वेळी लालीबाई अंगणात उभी राहून निशिगंधाला लोणच्याबद्दल झापत होती. तू जाताना घातलेलं लिंबाचं लोणचं खारट झालं, मीठ बापाच्या घरचं होतं का, एवढ्यात दारात ऑटो थांबला आणि ऑटोतून झमकू उतरली. बोट माइकवरून वर सरकलं. बोट वर सरकलं की ते यंत्र स्वतःच ऐकत बसतं, हे लालीबाईला माहीत नव्हतं. मोबाईल तिने तसाच खाटेवर टाकला आणि धावली.

आता गोरमाटी, म्हणजे बंजारा बाया, खूप दिवसांनी भेटल्या की रडतात. गळ्यात गळा घालून, सूर लावून, मोठ्याने. हे दुःखाचं रडणं नव्हे, हा नमस्कार आहे. पण नमस्काराला शब्द लागतात, आणि शब्द असतात मधल्या काळात जे जे गेलं त्याचे. आपला बा गेला गं बाई, तू नव्हतीस. आपला भाऊ गेला गं, तू नव्हतीस. ती काळी गाय गेली, ते चिंचेचं झाड गेलं, मला एकटीला सोडून तू किती दूर गेलीस गं. एक सूर टाकते, दुसरी उचलते. बहिणी जितक्या लाडक्या तितकं रडणं लांब. या दोघींचं इतकं लांबलं की ऑटोवाला भाड्यासाठी थांबून थांबून खाली उतरून शेळीला पाला खाऊ घालायला लागला.

मग दोघींनी पदराने नाकं पुसली आणि लगेच विचारलं, चहात साखर किती.

लालीबाईला मोबाईल आठवला. यंत्र अजून ऐकतच होतं. लोणच्याचं बोलणं वाया जाऊ नये म्हणून तिने बाणाचं चित्र दाबलं, मेसेज गेला, आणि मोबाईल गोधडीखाली चार्जिंगला लावून ती आत गेली. टिंग झालं ते तिने ऐकलं. हो याडी असणार, दुसरं काय.

दुसरंच होतं.

चहा पिऊन होत नाही तोच देवीलालची गाडी आली. दुकान सोडून देवीलाल, त्याची बायको संगीता, मागे आणखी दोन मोटारसायकली. संगीता उतरली ती पदर डोळ्याला लावूनच. लालीबाईला भरून आलं. दुकान सोडून कसं येऊ म्हणणारा आला की नाही. ती पुढे झाली, संगीताच्या गळ्यात पडली आणि सूर लावला. झमकूनेही लावला. संगीताने आधी लालीबाईकडे जरा दचकून पाहिलं, ही जिवंत आहे म्हणजे दुसरं कोणीतरी, असं तिच्या डोळ्यात आलं आणि गेलं. मग तिनेही रडणं उचललं.

देवीलाल आणि पुरुष बाहेर खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने देवीलाल हळूच उठला आणि दोघांना घेऊन नाल्याकडे बांबू पाहायला गेला.

मग लोक येतच राहिले. तांड्यातले आले, आजूबाजूच्या तांड्यातले आले. केळापूरहून पुष्पा आली, टीव्ही बंद करून. प्रत्येक बाईने दारात पाय टाकला की लालीबाई आनंदाने तिच्या गळ्यात पडे, आणि दोघी मिळून असा आकांत करत की पुढे येणाऱ्याच्या मनात काही शंका उरत नसे. रडणाऱ्या बाईच्या तोंडी कोणाचं ना कोणाचं जाणं होतंच. कोण म्हणे बा गेला, कोण म्हणे भाऊ गेला. आता नेमकं आज कोण गेलं, हे कोणी विचारेना. कसं विचारणार? नात्यातला माणूस मातीला येतो आणि माती कोणाची हेच त्याला माहीत नाही, ही लाज चार माणसांत कोण काढून दाखवणार. तेव्हा सगळे गंभीर चेहऱ्याने बसून, जो गेला तो फार चांगला होता, असं मोघम बोलत होते. पुष्पा तर म्हणाली की, मागच्याच महिन्यात स्वप्नात आले होते. कोण आले होते, ते नाही म्हणाली.

लालीबाई मात्र हवेत होती. झमकूच्या कानात ती म्हणाली, पाह्यलं का, माह्या एका शब्दावर सारा भाईपा गोळा झाला. दुपार कलता कलता हिरासिंगही आला, गुडघ्यासकट. त्याने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं. लालीबाईला वाटलं, एवढा मान.

तेवढ्यात कौसल्या आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात भाकरी, वर पिठल्याचं पातेलं. ज्या घरी माती होते त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने आणायचं असतं. तिने टोपलं उतरवलं, कमरेवर हात ठेवला, गोळा झालेली माणसं पाहिली, दाराशी टेकवलेले हिरवे बांबू पाहिले, बायांच्या घोळक्यात चमकत्या चेहऱ्याची लालीबाई पाहिली.

"अवो लालीबाई," ती म्हणाली, "मेलं कोण?"

सगळ्यांना तेच हवं होतं. सगळे कान देऊन बसले.

"मेलं?" लालीबाई म्हणाली. "कोण मेलं?"

"हेच तं इचारून राह्यली मी."

लालीबाईने पुष्पाकडे पाहिलं, पुष्पाने संगीताकडे, संगीताने झमकूकडे. झमकू म्हणाली, मी तं कालच गाडीत बसली, मले काय माहीत. हिरासिंगने सावकाश पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं वाचलं. घरच्या ग्रुपवर सकाळीच आलेला मेसेज, निशिगंधाच्या नावाने. याडीकडे वाईट घडलं आहे. सर्वांनी लवकर पोहोचावं.

"तुह्या सुनेची ओ," हिरासिंग म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा गुळात घोळला होता. "लगेच आली, भाभी. लयच लगेच आली."

लालीबाई खाटेकडे धावली. तिने गोधडीखालून मोबाईल काढला. रडण्याच्या गलक्यात राजकुमारचे फोन ऐकूच आले नव्हते. तिने अक्षराला अक्षर लावलं. तिच्या लोणच्याला उत्तर आलं होतं, फार वाईट झालं याडी. धीर धरा. आम्ही निघतो. कौसल्या तिच्याकडे बघत होती. टपरीवर जितक्या वेळा मोबाईल नाकासमोर फिरवला होता, तितक्या वेळा तो आता परत फिरून येणार होता. आणि तिकडे 'पाहू' म्हणणारा माणूस चष्म्याच्या वरून पाहत होता. पेटी, पेटी, असं त्याच्या मिशीवर लिहिलेलं होतं.

नेमकी त्याच वेळी जीप थांबली आणि राजकुमार एसटीच्या खाकीतच उडी मारून उतरला. आईला उभी पाहून त्याने जीपच्या दाराला धरलं आणि तिथेच खाली बसला. त्याच्या मागून निशिगंधा. तिने माणसं पाहिली, बांबू पाहिले, सासूला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की लालीबाईला कळलं, हिला सगळं माहीत आहे.

"आत चाल," लालीबाई म्हणाली.

चुलीपाशी निशिगंधाने कबूल केलं. उभ्यानेच, एका दमात. उत्तरं ती देतच नव्हती. तिने यंत्राला लिहून दिलं होतं. तिच्या खोलीवर लॅपटॉप दिवसभर चालू असायचा, याडीचा आवाज आला की यंत्र त्याची अक्षरं करायचं, शब्द बघायचं, वेळ बघायची, आणि ठरलेलं उत्तर पाठवायचं. त्यासाठी तिने याडीचे जुने सगळे मेसेज गोळा करून त्यांचा अभ्यास केला होता. फक्त एका गोष्टीला ठरलेलं उत्तर चालणार नव्हतं. कोणी वारलं आणि यंत्र म्हणालं, हो याडी, तुमचं बरोबर आहे, तर? मागे दहेगावचे मामा गेले तेव्हा नात्यात उशिरा कळवलं म्हणून याडीने तिला महिनाभर ऐकवलं होतं. म्हणून तिने लिहून ठेवलं की रडणं असेल, आणि त्यात गेला, गेली, सोडून असे शब्द असतील, तर दुःखाचं उत्तर दे आणि ग्रुपवरही कळव.

"अन् बहिणी-बहिणी भेटल्या तं?" लालीबाईने विचारलं.

निशिगंधा खाली बघू लागली. पुसदला मास्तरांच्या कॉलनीत बाया भेटल्या की हसायच्या, म्हणाली. तिने वाटेत तो मेसेज तीनदा ऐकला होता. तिलाही वाटलं, कोणीतरी गेलंच.

लालीबाई पिठाच्या डब्यावर बसली. होळीपासून आजपर्यंत. शेळी, लाइट, ढेकर, वरण, टक्कल. "म्हणजे इतके दिवस मी भांडत होती कोणाशी?"

"लॅपटॉपशी, याडी."

"एकदा बी तोंड वर करून बोलली नाही," लालीबाई म्हणाली. "मले तवाच समजाले पाह्यजे होतं."

बाहेर हिरासिंगचा आवाज चढत होता. तो लोकांना सांगत होता की मी आधीच बोललो होतो, आता भाभीनेच बोललेला शब्द पाळावा, पोरीला घरी बसवावं, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे म्हणे, कसली परीक्षा. निशिगंधाने ऐकलं. ती रडली नाही. तिने एवढंच म्हटलं की, "मला काय बोलायचं ते बोला, याडी. पण परीक्षा देऊ द्या. मला हे येतं. आज चुकलं, पण येतं."

लालीबाईने तिच्याकडे पाहिलं. मग सुपातला कोंडा झटकावा तसा पदर झटकला आणि बाहेर गेली.

"मीच टाकाले लावला मेसेज," ती म्हणाली.

हिरासिंगने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"हाव, मीच. माही बहीण इतक्या वर्षांनी आली. मी साऱ्यायले फोन केले, हात जोडले, भेटून जा म्हणून. देवीलाल, तू काय म्हतलं? दुकान. आज दुकान कोणी खाल्लं? पुष्पाबाई, तुमचा टीव्ही कसा आहे? अन् भाऊजी, तुमचा गुडघा मारेगावले ठेवून आले का संगं आणला? भेटीले बोलावलं तं कोणी आलं नाही. मातीले बोलावलं तं बांबूसकट आले. आता मले सांगा, वाईट घडलं का नाही?"

संगीता पदराच्या आड हसू दाबत होती. देवीलाल बांबूंकडे असं पाहत होता जणू ते त्याच्या ओळखीचे नाहीत.

"बांबू ठेवून जा," लालीबाई म्हणाली. "मांडवाले कामी येतील. अन् आता आलेच आहा तं बसा, बोकड्या आहे, चूल माही पेटलेली आहे. कौसल्याबाईचं पिठलं बी खाऊ. सुनेले मी सांगतलं अन् तिनं केलं. लगेच केलं. पाहून घ्या, भाऊजी, याले ओ म्हणते."

हिरासिंग काही बोलणार होता, पण झमकूने तेवढ्यात त्याला ओळखलं, धाकटा हिरा ना हा, म्हणून त्याच्याकडे वळून सूर लावला, आणि भेटीच्या रडण्यात मध्ये बोलायची पद्धत नाही.

लोक जेवून गेले. भांडी घासताना कौसल्या मागे थांबली. राखेने पातेलं घासता घासता म्हणाली, "खोटं बोलली तू."

"हाव."

"ते यंत्र बोलत होतं ना?"

"तुले कसं समजलं?"

"तू त्या दिवशी टपरीवर ढेकर पाठवलीस अन् ते म्हणे तुमचं बरोबर आहे. माणूस असता तं इचारलं असतं, काय खाल्लं." कौसल्याने पातेलं पालथं घातलं. "एक सांगतो. हे माह्या ममताले शिकवू नको. अंगठा येते, पण तिचा येते."

दुसऱ्या दिवशी निशिगंधाला परत जायचं होतं. त्याआधी लालीबाईने तिला लॅपटॉप उघडायला लावला. आधी तिला एक पाहायचं होतं, तो अभ्यास. माह्या बोलण्यात काय निघालं? निशिगंधा आढेवेढे घेऊ लागली, पण सासू हटेना. तेव्हा कळलं की याडीच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येणारा शब्द 'कायले', त्याच्या मागोमाग 'तुह्या बापानं', सगळ्यात जास्त राग दुपारी जेवायच्या आधी, आणि कौतुक एकदाच, तेही शेळीचं. लालीबाई ऐकून खूष झाली. राजकुमारला हाक मारून तिने पुन्हा वाचायला लावलं. आपल्या बोलण्याचा कोणी इतका विचार केला असेल, असं तिच्या नवऱ्याच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

मग तिने हुकूम काढले. रडणं आलं तर यंत्राने कोणाला काही कळवायचं नाही, आधी विचारायचं, मेलं कोण? निशिगंधाने ते तिथेच लिहिलं. झमकू आणि लालीबाईने तिला तपासून पाहायला रडून दाखवलं, भेटीचं वेगळं, नवरीचं वेगळं, मातीचं वेगळं. यंत्राने तिन्ही वेळा विचारलं, मेलं कोण? निशिगंधा कपाळाला हात लावून म्हणाली, याला फरक शिकवायला फार रडणं लागेल. झमकू म्हणाली, मी आहे ना महिनाभर.

दुसरा हुकूम, हिरासिंग रोज सकाळी गुलाबाचं फूल अन् सुविचार पाठवतो, त्याला माझ्या मोबाईलवरून उत्तर द्यायचं काम त्या यंत्राकडे द्यायचं. हो भाऊजी, तुमचं बरोबर आहे. निशिगंधाने तेही बसवून दिलं.

"अन् मले मात्र ते उत्तर नको," लालीबाई म्हणाली. "उशीर झाला तं झाला."

आठ दिवसांनी तिने दुपारी, जेवायच्या आधी, माइक दाबला आणि लोणच्याचं उरलेलं सगळं बोलून घेतलं. टिंग झालं नाही. ती शेळ्या घेऊन नाल्याकडे गेली, मोबाईल पदराच्या गाठीत. आली तरी नाही. झमकूने विचारलं, काय पाह्यतेस सारखं? ती म्हणाली, टाइम. टपरीवर गेली. कौसल्याने मुद्दाम विचारलं, आली का ओ? लालीबाई म्हणाली, चहा दे गुमान.

उन्हं उतरल्यावर टिंग झालं. तिने मोबाईल डोळ्याजवळ धरला आणि बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. याडी, लोणच्यात मीठ तुम्ही टाकलं होतं. मी नको म्हणत होते. आणि माझ्या बाबांच्या टकलाबद्दल मागे बोललात म्हणे, तुमच्या मुलाचं बघा आधी.

लालीबाईने मोबाईल कौसल्याच्या नाकासमोर नेला.

"पाह्य," ती म्हणाली. "पाह्य कशी बोलते सासूले." मग टपरीच्या बाकड्यावर ऐसपैस बसली, चहा बाजूला ठेवला, माइक दाबला आणि घसा खाकरला.